मासा येण्यापूर्वीचे पाणी

खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी काच, वाळू, दगड आणि मीठ आणून एका दिवसात उभी करता येते. परंतु त्या पाण्यात मासा जगू शकेल अशी स्थिती येण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि या आठवड्यांत डोळ्यांना दिसेल असे टाकीत जवळजवळ काहीच घडत नसल्यामुळे नवख्या माणसाचा धीर नेमका याच काळात सुटतो. टाकी बाळगणारे लोक या काळाला ‘सायकलिंग’ म्हणतात. शास्त्रीय भाषेत ती नत्रचक्र बसण्याची क्रिया आहे, म्हणजे माशाच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या विषारी अमोनियाचे कमी विषारी नायट्रेटमध्ये रूपांतर करणाऱ्या सूक्ष्मजीवांची वस्ती दगडावर, वाळूवर आणि फिल्टरमध्ये तयार होण्याची क्रिया. टाकीतला पहिला जीव मासा नसतो, हे सूक्ष्मजीव असतात, आणि त्यांना जे लागते ते वेळेवर मिळाले तरच पुढचे सारे निभावते. समुद्रापासून सरळ रेषेतही दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या, पाण्याची ओढाताण नित्याची असलेल्या पाथर्डीसारख्या ठिकाणी हा विषय मांडताना तो हौशी लोकांपुरता राहत नाही, कारण हेच सूक्ष्मजीव आणि त्यांचे नातलग या तालुक्याच्या बाजरीच्या आणि कापसाच्या रानात दरवर्षी तेच काम करीत असतात.

मासा खातो त्या अन्नातील प्रथिनांत नत्र असतो, आणि शरीराला नको असलेला नत्र बहुतेक मासे अमोनियाच्या रूपाने, मुख्यत्वे कल्ल्यांवाटे, थेट पाण्यात सोडतात. समुद्रात हा अमोनिया अफाट पाण्यात विरून जातो. दीडशे लिटरच्या टाकीत तो साठतो. पाण्यात गेलेला अमोनिया दोन रूपांत राहतो: एक विद्युत्भारित अमोनियम, जे फारसे अपाय करीत नाही, आणि दुसरा मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांतून सहज आत शिरतो व माशाला मारतो. या दोहोंचे प्रमाण पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर, अवलंबून असते. सामू ७ असलेल्या गोड्या पाण्यात एकूण अमोनियाचा जेमतेम दोनशेवा हिस्सा मुक्त रूपात असतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.३ च्या आसपास असल्याने तेथे हाच हिस्सा शेकडा ५ ते ८ पर्यंत जातो. म्हणजे गोड्या पाण्याच्या टाकीत जी चूक माशाला नुसती सुस्त करते, तीच चूक खाऱ्या पाण्यात त्याचा जीव घेते, आणि पुष्कळ दिवस गोड्या पाण्यातले गोल्डफिश यशस्वीपणे सांभाळलेल्या माणसाचा पहिला खारा प्रयोग का फसतो याचे अर्धे उत्तर या एका आकड्यात आहे.

अमोनियाचे रूपांतर दोन टप्प्यांत होते. पहिल्या गटातील सूक्ष्मजीव अमोनियाला प्राणवायू जोडून नायट्राइट बनवतात आणि दुसऱ्या गटातील त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. दोन्ही गट या क्रियेतून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगतात आणि कार्बन मात्र पाण्यातील विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतात. त्यांची मिळकत इतकी तुटपुंजी असते की त्यांची वाढ अतिशय संथ होते. आतड्यातील साधा जीवाणू अनुकूल स्थितीत वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतो, तर अमोनिया पचवणाऱ्या जीवाणूंना त्यासाठी आठ तासांपासून एका दिवसापर्यंत वेळ लागतो, आणि नायट्राइट पचवणारे बहुधा त्याहूनही सावकाश वाढतात. शिवाय दुसऱ्या गटाला पहिल्याने काही तयार केल्याशिवाय अन्नच मिळत नाही, आणि मुक्त अमोनिया जास्त असेल तर तो या दुसऱ्या गटाला दडपतो. टाकीत प्रथम अमोनिया चढतो, तो उतरू लागला की नायट्राइट चढते, ते उतरले की नायट्रेट साठू लागते, हा जो ठराविक क्रम सगळीकडे दिसतो, त्याचे कारण हे आहे.

या ज्ञानाचा इतिहास मत्स्यटाकीच्या आणि शेतीच्या सीमेवर घडला आहे, आणि त्याची एक गंमत अशी की तो एका घराण्यात बाप-लेकांत विभागलेला आहे. लंडनमधील रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० च्या सुमारास काचेच्या भांड्यात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून असे दाखवून दिले की वनस्पती प्राणवायू पुरवत असतील आणि सडके पान गोगलगाय खात असेल तर पाणी न बदलताही मासे दीर्घकाळ जगतात. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८५३ मध्ये, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, त्यात फिलिप हेन्री गॉस यांचा मोठा हात होता. आणि समुद्र दूर असलेल्या शहरात खारे पाणी आणायचे कोठून या प्रश्नावर गॉस यांनीच १८५४ मध्ये मीठ व मॅग्नेशियम-पोटॅशियमचे क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल बनवण्याची कृती प्रसिद्ध केली. त्या पाण्यात त्यांनी आधी समुद्री शेवाळ ठेवले आणि प्राणी नंतर सोडले. शेवाळाने प्राणवायू मिळतो एवढेच तेव्हा समजले होते. शेवाळासोबत सूक्ष्मजीवांचे विरजण पडत होते, याची कल्पना त्या काळी कोणाला असणे शक्य नव्हते.

ती कल्पना १८७७ मध्ये फ्रान्समध्ये आली. श्लोसिंग आणि म्युन्त्झ या दोन संशोधकांनी सुमारे एक मीटर लांबीच्या नळीत भाजलेली वाळू व थोडा चुनखडक भरला आणि तिच्यातून शहराचे सांडपाणी अगदी हळू झिरपत ठेवले. पहिले सुमारे वीस दिवस सांडपाण्यातील अमोनिया जसाच्या तसा खाली येत राहिला. नंतर एकाएकी नायट्रेट दिसू लागले आणि अमोनिया नाहीसा झाला. क्रिया रासायनिक असती तर ती पहिल्याच दिवशी सुरू झाली असती. त्यांनी मग नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, क्रिया थांबली. वाफ काढून टाकल्यावरही ती परत सुरू झाली नाही. बागेतील मातीचे धुवण वरून ओतल्यावर मात्र काही दिवसांत नायट्रेट पुन्हा आले. आजच्या सायकलिंगच्या साऱ्या पायऱ्या, म्हणजे अन्नाचा पुरवठा, वीस-पंचवीस दिवसांची शांतता, जिवंत विरजण आणि विषाने होणारा नाश, त्या एका काचेच्या नळीत घडून गेल्या होत्या, आणि या विषयावरच्या नव्या पुस्तकांत यांत फारशी भर पडलेली नाही असे म्हणण्याचा मोह होतो.

वर ज्यांचा उल्लेख आला त्या वॉरिंग्टन यांचे चिरंजीव, त्यांचेही नाव रॉबर्टच, इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या शेतीसंशोधन केंद्रात होते. फ्रेंच प्रयोगानंतर त्यांनी पुढची अनेक वर्षे मातीतील याच क्रियेचा अभ्यास केला आणि अमोनियाचे नायट्राइट करणारे व नायट्राइटचे नायट्रेट करणारे जीव वेगवेगळे आहेत हे दाखवले, परंतु त्यांना ते जीव शुद्ध स्वरूपात वेगळे काढता आले नाहीत. वडिलांच्या भांड्यातील मासे ज्यांच्या बळावर जगले ते सूक्ष्मजीव मुलगा मातीत शोधत होता. त्यांना वेगळे काढण्याचे श्रेय १८९० च्या सुमारास झ्युरिकमध्ये काम करणाऱ्या सर्गेई विनोग्राड्स्की यांना मिळाले, आणि तेही त्यांनी जीवाणू वाढवण्याची नेहमीची सेंद्रिय खाद्ये बाजूला ठेवून निव्वळ खनिज द्रावण वापरले तेव्हा. पुढचे शतकभर पाठ्यपुस्तकांत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही दोन नावे ठरून गेली. बाजारातल्या ‘बॅक्टेरियाच्या बाटल्या’ही त्याच नावांवर विकल्या गेल्या. १९९६ आणि १९९८ मध्ये हॉव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय पद्धतीने तपासणी केली तेव्हा मत्स्यटाक्यांत नायट्रोबॅक्टर जवळजवळ नसतोच, नायट्राइट पचवण्याचे काम नायट्रोस्पिरा हा दुसराच वंश करतो, असे निघाले. आणि २००५ मध्ये तर अमेरिकेतील सिॲटल येथील मत्स्यालयाच्या खाऱ्या टाकीतील खडीमधून अमोनियावर जगणारा असा एक जीव वेगळा काढला गेला की जो जीवाणूच नव्हता. तो आर्किया या सर्वस्वी निराळ्या कुळातला होता. त्याचे नाव नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस असे ठेवले गेले, आणि त्याच कुळातले जीव महासागरांत प्रचंड संख्येने पसरलेले असून अमोनियाच्या सागरी चक्रात त्यांचा मोठा वाटा आहे हे नंतर स्पष्ट झाले. महासागरातील एक मूलभूत क्रिया कोणाकडून होते याचा धागा मत्स्यालयाच्या खडीत सापडावा, ही विज्ञानाच्या इतिहासातील हौशी वस्तूंची बाजू घेणारी घटना आहे.

पाथर्डीच्या शेतकऱ्याला यातले काहीच परके नाही. कच्चे शेण पिकाला घालू नये, ते उकिरड्यात कुजू द्यावे, हा सल्ला देताना शेतीशास्त्र जी कारणे सांगते त्यांत हेही असते की ताज्या शेणातील नत्र अमोनियाच्या रूपात मोकळा होऊन कोवळ्या मुळांना जाळतो आणि खत मुरल्यावर त्यातला बराचसा नायट्रेटच्या रूपात आलेला असतो. खत तयार झाले की नाही हे तपासण्याची प्रयोगशाळेतील एक कसोटी अमोनियम आणि नायट्रेट यांच्या प्रमाणाचीच आहे. युरिया टाकल्यावर जमिनीत ओल आणि हवा दोन्ही असतील, म्हणजे वाफसा असेल, तरच तो नत्र नायट्रेटच्या रूपात पिकाला मिळतो. कोरड्या रानात ही क्रिया अडते आणि चिबड रानात हवा नसल्याने अडते. बिहारमध्ये गोठ्यांच्या आणि जुन्या भिंतींच्या मातीतून सोरा, म्हणजे नायट्रेटचाच क्षार, काढणारा नोनिया समाज शतकानुशतके या सूक्ष्मजीवांच्याच कष्टांवर जगला, आणि तोफांची दारू त्या सोऱ्यावर चालली. टाकी आणि शेत यांत फरक एवढाच की शेतात नायट्रेट हवेहवेसे असते आणि टाकीत ते कचरा ठरते.

याच फरकामुळे पाथर्डीत पाण्याचा प्रश्न सर्वांत आधी येतो. बोअरच्या पाण्यात विरघळलेले क्षार जास्त असतात, आणि खतांचा वापर असलेल्या भागांत नायट्रेटही असू शकते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम ठेवली आहे, पण माणसाला चालणारे हे पाणी खाऱ्या टाकीत सुरुवातीलाच शेवाळाला मेजवानी देते. शेवगाव-पाथर्डी योजनेतून जायकवाडीचे जे पाणी नळाला येते त्यात निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीन असते, आणि ज्या सूक्ष्मजीवांना जोपासायचे आहे त्यांनाच ते मारते. श्लोसिंग-म्युन्त्झ यांच्या नळीतील क्लोरोफॉर्मची ही घरगुती आवृत्ती. म्हणून खाऱ्या टाकीसाठी आरओ यंत्रातून काढलेले पाणीच घ्यावे लागते. यात एक अडचण आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही: घरगुती आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण दोन ते तीन लिटर निचऱ्याचे पाणी बाहेर टाकते, म्हणजे दीडशे लिटरची टाकी एकदा भरायला तीनशे ते साडेचारशे लिटर पाणी बाजूला पडते, आणि पुढे दर काही आठवड्यांनी पाणी बदलताना हा हिशेब पुन्हा पुन्हा येतो. ज्या घरी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते त्या घराने निचऱ्याचे पाणी भांडी, फरशी आणि शौचालयासाठी साठवण्याची सोय आधी करावी, टाकी नंतर आणावी. आणि ती सोय होणार नसेल तर खाऱ्या टाकीचा बेत सोडून द्यावा, हे सांगणे कठोर असले तरी प्रामाणिक आहे.

दुसरा गैरसमज मिठाचा. समुद्राच्या पाण्यात किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून पाण्यात तेवढे खडेमीठ टाकले की समुद्र तयार झाला, अशी समजूत ऐकू येते. उरण-पेणच्या मिठागरांत काय घडते ते पाहिले की ही समजूत टिकत नाही. उन्हाने पाणी आटत जाते तेव्हा कॅल्शियमचा बराचसा भाग जिप्समच्या रूपाने आधीच खाली बसतो, मग मिठाचे खडे धरतात, आणि मॅग्नेशियम, पोटॅशियम असे क्षार शेवटच्या कडवट पाण्यात उरतात, जे मीठ गोळा करताना काढून टाकले जाते. बाजारातील मीठ म्हणजे समुद्रातून निवडून घेतलेला एकच पदार्थ आहे. त्यात प्रवाळाला लागणारे कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही आणि आम्लाला तोंड देणारे कार्बोनेट नाही. त्यामुळे मत्स्यटाकीसाठी बनवलेले पूर्ण मिश्रणच घ्यावे लागते. तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच अशा टाकीत दगड-वाळूची जागा वजा जाता सुमारे दीडशे लिटर पाणी राहते, आणि त्याला साडेपाच ते सहा किलो मिश्रण लागते. ते वेगळ्या पिंपात पंप लावून एक दिवस ढवळले जाते, रिफ्रॅक्टोमीटरने विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आले आहे याची खात्री केली जाते, आणि मगच ते टाकीत जाते. पुढे हवेत उडून जाते ते फक्त पाणी, मीठ मागे राहते. पाथर्डीच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पातळी रोज खाली जाते, आणि ती भरून काढायची ती गोड्या आरओ पाण्याने. खाऱ्या पाण्याने भर घालणाऱ्याची टाकी महिन्याभरात समुद्राहून खारट होते.

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय किंवा रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातील मत्स्यालय यांना समुद्र हाकेच्या अंतरावर लाभला. घाटावरच्या टाकीला ती चैन नाही. तिथला प्रत्येक थेंब हाताने बनवलेला असल्यामुळे त्या पाण्यात समुद्राचा एकही सूक्ष्मजीव आपोआप आलेला नसतो, आणि म्हणून तिथे सायकलिंगचा काळ अधिक लांबतो.

आता प्रत्यक्ष कृती. टाकीत पाणी, वाळू, कोरडे सच्छिद्र दगड आणि प्रवाहासाठी पंप बसल्यावर, तापमान २५ ते २८ अंशांवर स्थिर ठेवून, सूक्ष्मजीवांचे विरजण घालायचे आणि त्यांना अन्न म्हणून अमोनिया द्यायचा. अमोनियाचा सर्वांत नीट मोजता येणारा स्रोत अमोनियम क्लोराइड हा आहे, म्हणजेच नवसागर, जो पितळेच्या भांड्यांना कल्हई करणारा कारागीर वापरीत असे. कल्हईसाठी विकला जाणारा नवसागर मात्र टाकीत घालू नये, कारण त्यात धातूंचा अंश असू शकतो आणि तांब्याचा अत्यल्प अंशही पुढे कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ अशा अपृष्ठवंशीय जीवांना घातक ठरतो. प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्यावा. लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया हे प्रमाण पुरेसे आहे, आणि त्यासाठी दीडशे लिटरला एक ग्रॅमहून थोडा कमीच नवसागर लागतो. जास्त घातल्याने काम लवकर होत नाही. उलट दुसरा गट दडपला जाऊन ते रेंगाळते. काही जण त्याऐवजी कोळंबीचा तुकडा सडू देतात. ती रीत चालते, पण किती अमोनिया निघाला ते कळत नाही, घरात वास सुटतो, आणि बाजारातील सुकट वापरले तर साठवणीत त्यावर काय फवारले गेले याची खात्री नसते.

या एवढ्याशा मात्रेचा हिशेब शेवटपर्यंत मांडून पाहणे उद्बोधक ठरते. एक मिलिग्रॅम अमोनिया-नत्राचे नायट्रेट होताना सुमारे साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू खर्च होतो आणि पाण्याच्या अल्कलिनिटीतून, म्हणजे आम्ल पचवण्याच्या शक्तीतून, सुमारे सात मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका भाग खर्ची पडतो. लिटरला २ मिलिग्रॅमची प्रत्येक मात्रा पूर्ण पचली की सुमारे सात मिलिग्रॅम नायट्रेट मागे राहते आणि अल्कलिनिटी जवळजवळ बारा मिलिग्रॅमने उतरते; समुद्रजलाची अल्कलिनिटी याच मापाने ११५ ते १२५ असल्याने पाच मात्रांत तिचा निम्मा भाग संपतो, सामू घसरतो, आणि सूक्ष्मजीवांचे काम मंदावते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘सायकल अडली’ अशी जी तक्रार होते तिच्या मुळाशी बहुधा हेच असते, आणि इलाज मोजून घातलेला खाण्याचा सोडा हा आहे, नवी महागडी बाटली नव्हे.

मोजणी हा या काळातला एकमेव दिसणारा व्यवहार आहे. काचेच्या छोट्या नळीत खुणेपर्यंत टाकीचे पाणी घेतले जाते, बाटल्यांतील द्रावणांचे थेंब मोजून टाकले जातात, झाकण लावून हलवले जाते आणि काही मिनिटांनी नळी पांढऱ्या पत्रकावरील रंगपट्ट्यांशेजारी दिवसाच्या उजेडात धरली जाते: अमोनिया नसेल तर पिवळा, असेल तर हिरवट ते गर्द हिरवा, नायट्राइटचा रंग फिक्या गुलाबीपासून जांभळ्यापर्यंत. यात एक फसगत नेहमी होते. नायट्रेटच्या बहुतेक परीक्षा नायट्रेटला आधी नायट्राइट बनवूनच त्याचा रंग दाखवतात, त्यामुळे पाण्यात मूळचे नायट्राइट असेतोवर नायट्रेटचा आकडा फुगून येतो आणि तो पाहून टाकी तयार झाली असा समज होतो. नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय नायट्रेटच्या आकड्याला किंमत देऊ नये. खाऱ्या पाण्यात भरपूर असलेला क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरू देत नाही, म्हणून गोड्या पाण्यात माशाचे रक्त तपकिरी करणारे हे विष समुद्री माशाला तितके बाधत नाही, हेही खरे. तरीही ते शिल्लक असणे याचा अर्थ दुसरा गट अजून पुरेसा वाढलेला नाही असा होतो, आणि म्हणून त्याची दखल घ्यावीच लागते.

या अवस्थेत दिवे बंद ठेवणे उत्तम, कारण प्रकाशाची गरज शेवाळाला असते, या सूक्ष्मजीवांना नसते. तरीही काही आठवड्यांनी वाळूवर तपकिरी साय धरते. ती पाण्यातील सिलिकेटवर वाढणाऱ्या डायटम या सूक्ष्म शैवालाची असते आणि आपसूक ओसरते.

पाथर्डीत दोन गोष्टी विशेष जपाव्या लागतात, उष्णता आणि वीज, आणि त्या एकमेकींशी बांधलेल्या आहेत. गोड्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात त्याच तापमानाला पावणेसातच्या आसपास, आणि तापमान ३२ अंशांवर गेले की तो सहापर्यंत उतरतो. म्हणजे मे महिन्यात, सूक्ष्मजीव सर्वांत भुकेले असताना, प्राणवायू सर्वांत कमी असतो, आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये प्रवाह थांबला की आतला प्राणवायू थोड्या तासांत संपतो, वस्ती गुदमरते, आणि वीज आल्यावर तेच कुजके पाणी टाकीत फेकले जाते. म्हणून घाटावरच्या टाकीत वस्तीचा मुख्य भार बंद फिल्टरवर टाकण्यापेक्षा उघड्या पाण्यातील दगडांवर टाकावा आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप पहिल्या दिवसापासून जोडून ठेवावा. पृष्ठभागावर पंखा लावल्यास बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश थंड राहते. कोरड्या हवेचा हा एक फायदा पाथर्डीला आहे, मुंबईला नाही.

आडवाटांविषयी थोडक्यात. पूर्वी डॅमसेलसारखे चिवट मासे नव्या टाकीत सोडून त्यांच्या अमोनियावर चक्र बसवण्याची रीत होती. नवसागर उपलब्ध असताना जिवंत प्राण्याचे कल्ले जाळून तेच साधण्याचे समर्थन होऊ शकत नाही. बाटलीतील सूक्ष्मजीव उपयोगी पडतात, पण बाटली कडक उन्हात उभ्या गाडीतून आली असेल तर तिच्यात काय जिवंत उरले असेल याचा भरवसा नाही. सर्वांत उत्तम विरजण चालू, निरोगी खाऱ्या टाकीतील मूठभर वाळू किंवा फिल्टरचा स्पंज. मात्र तो ओलाच आणावा. समुद्रातून काढलेला ‘जिवंत दगड’ परदेशांत या कामी सर्रास वापरला जातो. भारतात हा मार्ग घेऊ नये, कारण असे दगड बहुधा प्रवाळाचे असतात आणि कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. दुकानदाराने हमी दिली म्हणून बाळगणाऱ्याची जबाबदारी संपत नाही.

टाकी तयार झाली हे ठरवण्याची कसोटी एकच: लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य. ही कसोटी लागोपाठ दोनदा उतरली की साठलेले नायट्रेट काढण्यासाठी निम्म्याहून अधिक पाणी बदलावे आणि एक किंवा दोनच मासे आणावेत. वस्ती अन्नाच्या प्रमाणात वाढते व घटते, म्हणून कसोटी उतरल्यावर महिनाभर टाकी रिकामी ठेवणाऱ्याची वस्ती उपासमारीने रोडावलेली असते, आणि एकदम आठ मासे सोडणाऱ्याची ती अपुरी पडते. पहिला मासा म्हणून बंदिस्त प्रजननातून वाढवलेला विदूषक मासा निवडणे शहाणपणाचे आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने भारतात त्याच्या प्रजननाची पद्धत बसवली आहे, आणि नवी मुंबईतील ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही शोभेच्या सागरी माशांची पैदास झाली आहे. समुद्रातील प्रवाळांमधून पकडलेल्या माशापेक्षा असा मासा टाकीतले खाद्य सहज स्वीकारतो.

मुंबईहून पाथर्डीपर्यंतचा सात-आठ तासांचा प्रवास हा मासा प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत करतो. वाटेत त्याच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड पिशवीतच कोंडला जाऊन पाण्याचा सामू उतरतो, आणि त्यामुळे साठलेला अमोनिया बहुतांशी निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात राहतो. घरी पोचल्यावर पिशवी उघडी करून तासभर थेंब-थेंब टाकीचे पाणी घालत बसण्याची पद्धत अनेक जण पाळतात. लांबच्या प्रवासानंतर तीच घातक ठरते, कारण पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सामू झपाट्याने वर चढतो आणि त्याच पाण्यातील अमोनियम मुक्त अमोनियात बदलते. म्हणून पिशवी बंद असतानाच पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून तापमान सारखे करावे. पुरवठादाराकडील पाण्याचा खारटपणा आधी विचारून घेऊन वेगळ्या बादलीतील स्वागताचे पाणी त्याच्याशी जुळते ठेवावे. मग पिशवी उघडून मासा लगेच हातजाळीने त्या बादलीत घ्यावा. आणि पिशवीतले पाणी टाकीत न ओतता मोरीत टाकावे.